बाल्कनीची वरची जाळी वरच राहावी म्हणून

काम खोलीच्या स्लॅबचं आणि त्यातून १.२ मीटर पुढे आलेल्या बाल्कनीचं होतं. खोलीत मुख्य सळई खाली लागते, बाल्कनीत वर, कारण तिथे ताण वरच्या अंगाला येतो. ड्रॉइंगप्रमाणे जाडी १२० मिमी, मुख्य सळई १० मिमी, कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, २० मिमी. म्हणजे सळईच्या मध्यापासून तळापर्यंत ९५ मिमी. पाय पडून सळयांची जाळी २५ मिमी दबली तर उरतात ७० मिमी, आणि बाल्कनीची ताकद साधारण चौथ्या हिश्शाने घटते. काँक्रीट झाल्यावर वरून काहीच कळत नाही, म्हणून माझं सगळं लक्ष या २५ मिमीवर.

शटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, तेल आधी, सळई नंतर. तेलकट सळईला काँक्रीट धरत नाही. घट्ट बसलेला हलका गंज चालतो, सुटणारे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढले. कव्हरसाठी काँक्रीटचेच ब्लॉक वापरले. दगडाची कपची सरकते, आणि सळईचा तुकडा ठेवला तर तळातून गंज थेट आत शिरतो.

बाल्कनीत खालची जाळी नव्हती, त्यामुळे खुर्च्या, म्हणजे वरची जाळी उचलून धरणारे सळईचे वाकवलेले आधार, २० मिमीच्या ब्लॉकवर उभ्या केल्या. उंचीचा हिशेब असा: १२० मधून खालचा ब्लॉक २०, वरचं कव्हर २०, मुख्य सळई १० आणि तिच्याखालची आडवी सळई ८ वजा. राहिले ६२ मिमी. खुर्च्या आधी मीटरभर अंतराने लावल्या होत्या, पण उभं राहिल्यावर जाळी मध्येच वाकत होती. अंतर ६०० मिमी केलं, तेव्हा हलेना. मुख्य सळया खोलीच्या स्लॅबमध्ये ड्रॉइंगप्रमाणे १.८ मीटर आत नेल्या. उरलेले तुकडे खपवण्यासाठी इथेच सळई आखूड पडते, आणि ते मला अजिबात चालत नाही.

कडेला प्रत्येक गाठ बांधली, आत एकाआड एक. बांधायच्या तारेने ताकद वाढत नाही, ती फक्त जागा धरते. तारेची टोकं आत वळवायची, कव्हरमध्ये राहिली तर गंजतात.

कॉलमच्या उभ्या सळयांवर कुणी पडलं तर सळई अंगात घुसते. साध्या प्लॅस्टिकच्या टोप्या फक्त ओरखडा वाचवतात, म्हणून टोकांवर जाड लाकडी फळ्या पक्क्या बसवल्या. १२ मीटरच्या सळया उचलण्याआधी डोक्यावर विजेच्या तारा नाहीत ना, ते पाहिलं.

ओतताना चालण्यासाठी फळ्या टाकल्या, त्यांचा भार जाळीवर नाही, वेगळ्या टेकूंवर. माल एका जागी ढीग न करता पसरत नेला. सळई बांधणाऱ्यांपैकी एक जण शेवटपर्यंत थांबवून घेतला. मागोमाग मी २० मिमीवर खूण केलेली बारीक तार ओल्या काँक्रीटमध्ये खुपसत गेलो. एका जागी सळई ३२ मिमीवर लागली: खुर्ची आडवी झाली होती. काँक्रीट ओलं होतं तोवर तेवढा भाग उकरला, खुर्ची उभी करून बांधली, व्हायब्रेटर फिरवला आणि पुन्हा मोजलं. २० भरलं.