खांबामागचा माणूस : जून ते ऑगस्टची नोंद

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या घराच्या छोट्या मॉडेलमधलं प्रेत आत अडकलं. चार दिवस. पुण्यात सलग पाऊस, घरात कपडे वाळत नव्हते, आणि मॉडेलच्या लायब्ररीतला फिरता खांब फुगून चौकटीत असा घट्ट बसला की नख घालायलाही फट राहिली नाही. शेवटी आईच्या केस वाळवायच्या यंत्राने लांबून ऊब देत देत उघडला. सागाची पट्टी मुरलेली आहे असं धरून चाललो होतो, ती मुरलेली नव्हती. खांब उतरवला, कडेने अर्धा मिलिमीटर घासला आणि सहाही बाजूंनी लाखेचं पॉलिश मारलं. तुम्ही लाकडाचं काही हलतं करणार असाल तर दिसत नाहीत त्या बाजूंनाही पॉलिश मारा. पाणी तिथूनच शिरतं.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्केल १:१२, म्हणजे एक इंचाला एक फूट. इंग्लंडमधलं वूस्टरशायर, साल १९३४, डिसेंबर. खंदकाने वेढलेलं जुनं घर, मालक ऑगस्टपासून परगावी, फर्निचरवर पांढऱ्या चादरी. ऑगस्टपासूनच कारभारी बेपत्ता. तो लायब्ररीच्या भिंतीतल्या चोरखोलीत आहे, आणि बघणाऱ्याने तो शोधायचा आहे.

घर काल्पनिक आहे, चोरखोली मात्र खऱ्यावरून उचलली. त्याच भागात हार्विंग्टन हॉल नावाचा खंदकवाला वाडा आहे आणि त्यात अशा सात जागा आहेत. १५८५ च्या कायद्याने कॅथलिक पाद्र्याने इंग्लंडात नुसतं असणं हाच राजद्रोह ठरला, म्हणून श्रीमंत कॅथलिक घरांनी भिंतींत, जिन्याखाली, धुराड्याच्या आडोशाला पाद्री लपवायच्या जागा करून घेतल्या. हार्विंग्टनला एका जिन्याच्या पायऱ्या उचलल्या की खाली पोकळी लागते. आणि एका खोलीत भिंतीतला उभा लाकडी खांब वरखालच्या टोकांवर फिरतो आणि मागे माणूस मावेल एवढी जागा निघते. तो खांब वाचला त्या रात्रीच माझं ठरलं होतं.

अशा जागा करण्यात सगळ्यात नावाजलेला माणूस निकोलस ओवेन, ऑक्सफर्डचा सुतार, अंगाने अगदी लहानखुरा. दिवसा घरात उघडपणे साधी सुतारकामं करायची आणि खरं काम रात्री, एकट्याने. जानेवारी १६०६ मध्ये हिंडलिप हॉलवर धाड पडली तेव्हा तो स्वतःच अशा एका जागेत दडला होता, सोबत आणखी एक जण. चार दिवसांनी दोघे बाहेर आले. तेवढ्या दिवसांत दोघांत मिळून खायला एक सफरचंद होतं. त्याच घरात दुसरीकडे लपलेले दोन पाद्री आठ दिवस टिकले, कारण शेजारच्या खोलीतून धुराड्यात घातलेल्या बोरूच्या नळीने त्यांना पातळ पेय पाजलं जात होतं. ओवेन त्याच वर्षी लंडनच्या टॉवरमध्ये छळाने मेला. जागा कुठे कुठे आहेत ते त्याने सांगितलं नाही.

आता खरं काम. लपवणं सोपं आहे हो. मला दोन संध्याकाळी लागल्या. अवघड आहे ते प्रामाणिकपणे सापडू देणं. फ्रान्सिस ग्लेसनर लीबाईंचं काम आपल्यातल्या बहुतेकांनी फोटोत तरी पाहिलंय: १९४० च्या दशकात अमेरिकन पोलिसांना शिकवण्यासाठी याच १:१२ स्केलमध्ये केलेल्या मृत्यूच्या खोल्या, बाहुलीचे मोजे टाचणीएवढ्या सुयांवर विणलेले. त्यातल्या अठरा बाल्टिमोरला आहेत आणि उत्तरं अजूनही गुप्त ठेवतात. त्या बघून एक नियम मी भिंतीवर चिकटवलाय: जे दिसतंय त्याला कारण असलं पाहिजे.

त्यामुळे तीन खुणा.

पहिली मापाची. बाहेरून भिंत ४६ सेंमी, आत खोली ३७. मधल्या ९ मधून ५ मिमीच्या तीन भिंती वजा केल्या तर साडेसात सेंटिमीटर उरतात. खऱ्यात ९० सेंमी. धाडीवाले शिपाईसुद्धा आतून-बाहेरून भिंती मोजायचे, म्हणून मॉडेलशेजारी एक लाकडी फूटपट्टी ठेवलीय.

दुसरी उबेची. घर बंद आहे, तरी स्वयंपाकघरातली चूल पेटती आहे (नारिंगी एलईडी, लुकलुकणारा), आणि तिचं धुराडं चोरखोलीला लागून वर जातं. त्यावरून मृतदेहाचा रंग ठरला. आधी मी त्याला निळसर करडा रंगवला होता, सिनेमातल्यासारखा. साफ चूक. कोरड्या, ऊबदार, हवा खेळत्या जागेत शरीर कुजण्याऐवजी वाळत जातं, कातडी तपकिरी आणि चामड्यासारखी होते, हाडांवर ताणली जाते. म्हणून तारेच्या सांगाड्यावर इपॉक्सी पुटी, वर टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्यात बुडवून, सुकताना सुरकुत्या पडू दिल्या, मग गडद तपकिरी वॉशचे, म्हणजे पातळ केलेल्या रंगाचे, तीन हात. त्याची उंची १४.४ सेंमी, पण चोरखोली १३ सेंमीच उंच, त्यामुळे तो गुडघ्यात दुमडून बसलाय.

तिसरी माझी लाडकी. चोरखोलीच्या हवेच्या फटीतून माश्या आत जातात, पिलावळ बाहेर पडते, उजेडाकडे धावते आणि बंद खिडकीत मरते. १:१२ ला निळी माशी जेमतेम एक मिलिमीटर. चहाच्या पुडीचे बारके दाणे चिमट्याने खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले, एकेक, एकवीस. आतल्या रिकाम्या कोषांसाठी खसखस, लालसर तपकिरी रंगात घोळवून. (आईला शनिवारी खसखशीची बरणी अर्धी दिसली. तो विषय इथे नको.)

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी चाचणी घेतली. भाच्याने पाच मिनिटांत पॅनेल दाबून दाबून खांब शोधला, ते मी धरत नाही. आई चष्मा पुसून बसली, बराच वेळ पुस्तकांचंच कौतुक केलं, आणि मग म्हणाली, "काय रे, खिडकीत एवढ्या माश्या मेल्यात, या घरात कोणी केर काढत नाही का?" त्यानंतर ती कुठली कुठली फट बघत थेट खांबापाशी गेली. मी उडालोच.

शेजारचे काका पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांनी हात मागे बांधले, दारापासून सुरुवात करून डावीकडून भिंतीकडेने एक फेरी मारली, मग आत एक. पंचनामा असाच करायचा म्हणाले. फूटपट्टी उचलली, मापं घेतली, खांब उघडला. कारभाऱ्याच्या डोक्याच्या मागची खोक बघितली. मग फट मोजली.

"तीन सेंटिमीटर. म्हणजे खऱ्यात किती?"

"छत्तीस."

"आणि याचे खांदे?"

चार. म्हणजे अठ्ठेचाळीस.

"मेलेलं माणूस फार जड असतं रे. अंग चोरून घेत नाही. एवढ्याशा फटीतून याला एकट्याने आत कोंबला, ते मी नाही मानत. हा आपल्या पायाने आत गेलाय."

मी दोन दिवस त्यांच्यावर चिडून होतो. फट रुंद करायची तर खांब रुंद हवा, आणि रुंद खांब भिंतीत लगेच नजरेत भरतो. तिसऱ्या दिवशी पॉलिशचा शेवटचा हात देताना जुलै आठवला. फुगून बसलेला खांब, आतून ढकलायला जागा नाही, आणि उघडणारा बाहेरच. कारभारी कोणाला तरी चुकवायला स्वतःच आत शिरला. ज्याने लपवलं त्यानेच खांबाच्या पायाशी पाचर ठोकली.

त्यामुळे डोक्याची खोक भरून घासून टाकली आहे. खांबाच्या आतल्या अंगाला सुईने ओरखडे काढले, दोन्ही हातांच्या बोटांची टोकं झिजवली. बाहेर खांबाच्या बुंध्याशी ताज्या लाकडाची पाचर, आगपेटीच्या काडीची, दोन मिमी, बाकी सगळं काळवंडलेलं असताना ती एकटीच पिवळी. आई ती बघणार, मला खात्री आहे.

या आठवड्यात एवढंच राहिलंय: सफरचंदाचा खाऊन उरलेला गाभा, वाळलेला, चार मिमी उंच, त्याच्या उजव्या पावलाशी. वाटाणा कोरून बघितला, फुटला. आता पुटीचा करतोय, देठाला झाडूची काडी.