दाट केलं आणि ताक बेचव झालं

बडोद्याच्या ज्या डेअरीत मी गुणवत्ता तपासणीचं काम करते, तिथे एका उन्हाळ्यात बाटलीबंद, टिकाऊ मसाला ताक काढायचं ठरलं. बाटली उभी ठेवली की वर हिरवट निवळ, तळाशी साका. घरी आपण ताक ढवळून घेतो, पण दुकानदार म्हणायचे, "बेन, आ तो बगडी गयुं."

उत्पादन विभागाने गवार गम, म्हणजे गवारीच्या बियांपासून केलेली दाटपणा आणणारी पूड, घातला. ताक छान दाट झालं. चाखायला बसलो, तर दांडिया बाजारातून येणाऱ्या आमच्या लॅबमधल्या काकूंनी एक घोट घेऊन विचारलं, "मीठ विसरलात का गं?"

मीठ तेवढंच होतं. पीएचही तोच, म्हणजे आंबटपणाही कमी झाला नव्हता. दाटपणामुळे मीठ आणि आम्लता जिभेला कमी जाणवतात, जिऱ्याचा वासही दबतो. वर भेंडीच्या पाण्यासारखा बुळबुळीतपणा! आणि एवढं करून निवळ सुटायची ती सुटलीच.

पीएच ४.६ च्या आसपास दुधातल्या केसीन या मुख्य प्रथिनावरचा विद्युतभार संपतो आणि त्याचे कण एकमेकांना धरतात. ताक त्याहूनही आंबट, म्हणून तिथे कणांवर थोडा धनभार येतो. गवार गमवर भारच नसतो. तो कणांना चिकटत नाही, नुसतं पाणी दाट करतो, आणि कधीकधी उलट कणांना एकत्र लोटतो. पेक्टिन फळांच्या सालींतून काढतात, त्यावर ऋणभार असतो. ते कणांना वेढून बसतं आणि एकमेकांपासून दूर ठेवतं.

आम्ही पेक्टिन घेतलं, पण अगदी थोडं घातल्यावर साका आणखी वाढला. पेक्टिन अपुरं पडलं की एकच धागा दोन-दोन कणांना बांधतो. साहेब म्हणाले, "बंद करा हे." मी अडून बसले. मात्रा वाढवली, तरी ती अर्ध्या टक्क्याच्या आतच होती. क्रमही पक्का केला: आधी पेक्टिन, मग होमोजिनायझर (कण बारीक करून एकजीव करणारं यंत्र), शेवटी तापवणं. पेक्टिनआधी ताक तापवलं तर कण घट्ट होतात, घोट रवाळ लागतो.

आता ताक पातळ राहिलं आणि एकजीवही. जिरं पहिल्या घोटात कळलं. ताकाला दाटपणा शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे.

पेक्टिन गवार गमपेक्षा महाग, त्यामुळे खरेदी विभाग दर हंगामात कुरकुरतो. ताकात प्रथिनं लस्सीपेक्षा कमी, म्हणून पेक्टिनही कमी लागतं, हा हिशेब मी दर वेळी नव्याने मांडते.