गच्चीवरचे विमान आणि मुंबईची खारी हवा

कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर अमोल यादव यांनी सहा आसनी विमान बांधले आणि २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांसमोर मांडले. घरी विमान बांधण्याचे वेड असलेल्या आम्हा मंडळींना त्या विमानाचा आजही अभिमान वाटतो.

बांधणीबद्दल पुष्कळ बोलले जाते, पण माझ्या मते खरी परीक्षा देखभालीची असते, विशेषतः मुंबईत. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला पोलादी बोल्ट थेट भिडला आणि त्यांच्यामध्ये समुद्राची खारी ओल शिरली, की विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम झिजू लागते, आणि ही झीज रिव्हेटच्या (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या खिळीच्या) डोक्याखाली, पत्र्यांच्या जोडांत, रंगाच्या आड चालत असल्यामुळे ती दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. म्हणून जोडणीपूर्वीच प्रत्येक भागाला प्रायमर, म्हणजे रंगाखालचा संरक्षक थर, लावावा. रंग फुगलेला दिसला, तर वरून पुन्हा रंग देणे मला सर्वस्वी अमान्य आहे. तो काढून आतला पत्रा पाहिलाच पाहिजे.

पावसाळ्यात अर्धवट भरलेल्या टाकीत हवेतील बाष्पाचे पाणी होते, त्यामुळे प्रत्येक उड्डाणापूर्वी तळाचे थोडे इंधन पारदर्शक भांड्यात काढून पाहावे. पाणी जड असल्याने खाली वेगळे दिसते. ते दिसले, तर निर्मळ इंधन येईपर्यंत काढत राहावे.