मान वळली, पण शुद्ध होती

मे महिना, सोलापुरात पारा ४३ वर. वॉर्डात विशीतला एक यंत्रमाग कामगार. आदल्या रात्री फार आक्रमक झाला म्हणून हॅलोपेरिडॉल हे शांत करणारं औषध ५ मिग्रॅ दंडात टोचलेलं, सोबत त्यानं स्नायू आखडू नयेत म्हणून देतात ते फेनरगन नव्हतं. दुपारी तीनला आई ओरडली, "सिस्टर, ह्याच्या अंगात आलंय बघा की!"

मान डावीकडे पिळलेली, बुबुळं वर चढलेली, जबडा आवळलेला, लाळ गळतेय. फिट वाटावी असंच दृश्य. पण नाव विचारलं तर दातांमधूनच त्यानं बरोबर सांगितलं, हात दाब म्हटल्यावर दाबला. शुद्ध पूर्ण होती. तरुण पुरुष, पहिलाच डोस, चोवीस तासांच्या आत. हा डिस्टोनिया, म्हणजे औषधामुळे स्नायू आपोआप आखडणं.

मानेपेक्षा मला घशाची काळजी होती. स्वरयंत्राचे स्नायू आवळले की श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि मग हाताशी वेळ उरत नाही. तसा आवाज नव्हता, ऑक्सिजन ९७. डोकं उंच केलं, लाळ सक्शननं काढली. ताप ९९.२, नाडी १०४, बीपी ठीक. उन्हाळ्यात थर्मामीटर लावल्याशिवाय पुढे जाऊच नये. जोराचा ताप, सगळं अंग लोखंडासारखं ताठ, घाम, भान हरपत चाललेलं, असं असतं तर तो एनएमएस, अशा औषधांचा दुर्मीळ पण जीवघेणा परिणाम. तिथे औषध ताबडतोब बंद, रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) तपासायचं आणि आयसीयू.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली ऑर्डर मोठ्यानं परत म्हणून दाखवली, वेळ टाकून लिहिली. फेनरगन ५० मिग्रॅ, म्हणजे २५ च्या ताकदीचं २ मिली, कुल्ल्यात खोल. शिरेतून देताना बाहेर झिरपलं तर मांस सडतं, म्हणून स्नायूतच. ३.१० ला दिलं. साडेतीनला मान सैल, पुढच्या दहा मिनिटांत डोळे खाली. मग झोप येते, उभं राहताना बीपी पडतं. कठडे वर केले.

"देवीचं काही नाही ना?" आईनं विचारलं. नाही मावशी, कालच्या सुईचा परिणाम. फेनरगन आधी उतरतं, हॅलोपेरिडॉल रेंगाळतं, म्हणून आखडणं परतू शकतं. त्यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल २ मिग्रॅच्या गोळ्या काही दिवस चालू केल्या. त्यानं घाम कमी येतो आणि सोलापूरच्या उन्हात ते सोपं नाही. पाणी, लघवी, ताप यांवर लक्ष ठेवायला मावशींना सांगितलं. केसपेपरवर लाल शाईनं हॅलोपेरिडॉलचं नाव लिहिलं आणि एक चिठ्ठी त्यांच्याकडे दिली: उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड देण्याआधी ही दाखवा, त्यानंही असंच होऊ शकतं.