चंद्रीची दोरी

आमची चंद्री घोडी 24 वर्षांची. बेळगावात टांगे बंद पडत गेले तरी आप्पांनी तिला विकली नाही. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या बरगड्या लांबूनच मोजता यायला लागल्या. मी हरभरा वाढवला, कोंडा वाढवला, अंगाला काहीच लागेना. मग एके सकाळी तिच्याजवळ नुसता बसून राहिलो, तेव्हा दिसलं: अर्धवट चावलेल्या गवताचे ओले बोळे तोंडातून खाली पडत होते. चावताच येत नव्हतं तिला!

खानापूरहून जनावरांचे डॉक्टर आले. दाढांच्या कडा धारदार झालेल्या, गालाला आतून जखमा. त्यांनी कानशीने कडा घासल्या, लीद तपासून जंताचं औषध दिलं.

आता वाळलेला लसूणघास बारीक कापून पाण्यात भिजवतो. त्यात थोडा भरडलेला ओट आणि शेंगदाण्याचं तेल. तेल चमच्यापासून सुरू करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवलं. घोड्याच्या पोटाला अचानक बदल सोसत नाही. जठरही लहान, म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं.

छातीच्या घेराची दोरी मापून गाठ मारून ठेवली होती. काल ती दोन बोटं अपुरी पडली. आप्पा दोरी हातात धरून कितीतरी वेळ तिच्याजवळ बसले होते.