एमजीबीत रोव्हरचा व्ही-८ : इंजिन सगळ्यात शेवटी

एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीत आठ सिलिंडरचं (व्ही-८) इंजिन बसवलं की गाडी पुढून जड होते आणि वळण सोडून सरळ पळते, असं सर्रास बोललं जातं. ते खरं नाही. रोव्हरच्या ३५२८ सीसी व्ही-८चा ब्लॉक आणि दोन्ही हेड अ‍ॅल्युमिनियमची आहेत, तर एमजीबीचं मूळ १७९८ सीसीचं इंजिन बिडाचं. तराजूत दोन्ही जवळपास सारखीच भरतात. अ‍ॅबिंग्डनच्या एमजी कारखान्याने स्वतःच १९७३ ते १९७६ मध्ये अशा २,५९१ जीटी (बंद छताच्या) गाड्या बनवल्या. अडचण येते ती टॉर्क आणि उष्णतेची. मूळ इंजिनाचा टॉर्क सुमारे १५० न्यूटन-मीटर, कारखान्याच्या व्ही-८चा सुमारे २६०. हा वाढलेला पीळ पत्रा, पाटे, अ‍ॅक्सल आणि ब्रेक या सगळ्यांना सोसावा लागतो. म्हणून इंजिन बदलण्याच्या या वर्षानुवर्षं चालणाऱ्या कामात इंजिनाचा नंबर शेवटचा.

पहिला हंगाम पत्र्याचा. या गाडीला वेगळी चासी नाही. दारांखालच्या सिलच्या पेट्याच गाडीचा कणा आहेत, आणि ब्रिटनच्या हिवाळी रस्त्यांवरचं मीठ नेमकं त्यांनाच आतून खातं. सिल तीन थरांचं असतं, त्यामुळे नुसता बाहेरचा पत्रा बदलून चकाचक रंग मारलेली गाडी घेऊ नये. सिल कापण्याआधी दारं जागेवर असावीत, त्यांच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात, आणि उघड्या टपाच्या गाडीत दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा पट्टा वेल्ड करावा. एका वेळी एकच बाजू कापायची. दोन्ही बाजू एकदम मोकळ्या केल्या की गाडी मधोमध खचते, दार लागत नाही, आणि नवं सिल वेल्ड झाल्यावर ते दुरुस्त करायला पुन्हा सगळं कापावं लागतं. मागच्या पाट्यांचे हँगर याच वेळी ठोकून पाहावेत. रंगानंतर पेट्यांच्या आत मेण फवारावं.

मग ब्रेक आणि अ‍ॅक्सल. व्ही-८साठी कारखान्याने जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर दिले होते. निदान तेवढं तरी हवंच. सुरुवातीच्या रोडस्टरचा (उघड्या टपाच्या गाडीचा) बँजो पद्धतीचा अ‍ॅक्सल या टॉर्कला पुरत नाही, नंतरचा नळीचा अ‍ॅक्सल घ्यावा. अ‍ॅक्सलचा मूळ ३.९ रेशो ठेवला तर ताशी ११० किमीला चौथ्या गिअरमध्ये इंजिन ३८०० च्या आसपास फिरत राहतं. कारखान्याच्या व्ही-८चा ३.०७ रेशो आणि रोव्हरच्या एसडी-१ या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स अशी जोडी केली की तेच आकडे २४०० च्या जवळ येतात. तारांची चाकं मनाला कितीही भावली तरी टाळावीत. कारखान्यानेही या मॉडेलला ती दिली नव्हती. हे सगळं झालं की गाडी जुन्या इंजिनावरच एक हंगाम चालवावी. गळती, आवाज, ब्रेकची ओढ हे दोष तेव्हाच सापडतात.

इंजिन निवडताना साधा ३.५ लिटरचा ब्लॉक मला सर्वांत भरवशाचा वाटतो. ३.९ आणि ४.६ लिटरच्या ब्लॉकमध्ये बोअर (सिलिंडरचा व्यास) ९४ मिमी असल्याने लायनरमागचं (सिलिंडरमध्ये बसवलेल्या नळीमागचं) अ‍ॅल्युमिनियम पातळ उरतं. इंजिन एकदा जरी खूप तापलेलं असलं, तर तिथे तडा जाऊन पाणी गायब होऊ लागतं किंवा लायनर सरकून टकटक करतो. घ्यायचाच असेल तर ब्लॉकची प्रेशर टेस्ट आधी. जुन्या ३.५च्या प्रत्येक हेडला १४ बोल्ट असतात. बाहेरची रांग पूर्ण आवळली की हेड त्या बाजूला झुकतं आणि गॅस्केट आतल्या बाजूने गळतं. कंपनीने पुढे ही रांगच काढून टाकली. पत्र्याच्या गॅस्केटऐवजी जाड कॉम्पोझिट गॅस्केट वापरलं तर हेड अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वर जातं, म्हणून टॅपेटचा प्रीलोड (तो आत किती दबतो ते अंतर) पुन्हा मोजावा. ०.५ ते १.५ मिमीच्या मध्ये तो बसला पाहिजे.

बोनेटखाली इंजिन मावतं, एक्झॉस्ट मावत नाही. मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा) आणि स्टिअरिंगच्या दांड्यामध्ये किमान एक सेंटिमीटर हवं, कारण टॉर्क लागला की इंजिन रबरावर कलंडतं. ब्लॉकला चिकटून उतरणारा मॅनिफोल्ड सोपा पडतो, पण सगळी धग बोनेटखाली कोंडतो. मग स्टार्टर गरम झाल्यावर फिरत नाही, पेट्रोल पाइपातच उकळतं. १९९२च्या एमजी आरव्ही-८ या गाडीसारखा आतल्या मडगार्डला भोक पाडून बाहेर काढलेला मॅनिफोल्ड जास्त कामाचा आहे, पण ते भोक रंगाच्या आधी ठरवावं लागतं. रेडिएटर पुढे सरकवून दोन इलेक्ट्रिक पंखे, प्रत्येकाला स्वतंत्र रिले. रेडिएटरच्या कडेच्या फटी पट्टी लावून बंद कराव्यात, नाहीतर वारा जाळीतून न जाता बाजूने निसटतो. पेट्रोलचे जुने रबरी पाइप फेकून द्यावेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, भारतात तर आता २० टक्के, आणि ते जुन्या रबराला भेगा पाडतं.

प्लगच्या वायरी बांधताना ५ आणि ७ शेजारीशेजारी समांतर नेऊ नयेत. फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ असल्याने हे दोन शेजारी सिलिंडर एकामागोमाग पेटतात. एका वायरीतला करंट दुसरीत उतरला की मिसफायर येतो आणि लोक उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतात.

पहिल्यांदा सुरू करताना घाई करू नये. डिस्ट्रिब्युटरवर चालणारा ऑइल पंप कोरडा असेल तर तो तेल ओढतच नाही. त्याच्या गिअरमध्ये व्हॅसलीन भरावं (ग्रीस नको, ते विरघळत नाही), डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवावा आणि प्रेशर चढल्यावरच स्टार्टर मारावा. कॅमशाफ्ट नवा असेल तर टॅपेटही नवे, आणि सुरू होताच २० मिनिटं २००० ते २५०० आरपीएमवर. आयडलिंगवर सोडलं तर कॅमचे उंचवटे तिथेच खरवडले जातात. गरम इंजिनावर २४०० आरपीएमला ३० ते ४० पीएसआय दिसले तर घाबरू नये, या इंजिनाचं प्रेशर तेवढंच असतं. पहिल्या ८०० किमीनंतर ऑइल बदलून फिल्टर कापावा आणि आतल्या कागदाच्या घड्या उलगडून उजेडात पाहाव्यात. करडा चुरा चुंबकाला चिकटला तर कॅम किंवा टॅपेट झिजतोय. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग.