पुटचारने मराठी: ‘किल्ला’ दोन ठोक्यांत उमटला

काम छोटंच ठरवलं होतं. सी या प्रोग्रामिंग भाषेत असा प्रोग्राम लिहायचा, की फळ्यावर बाई लिहीत जातात तशी मराठी ओळ टर्मिनलवर, म्हणजे नुसता मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत, हळूहळू उमटत जाईल. छापायला फक्त पुटचार हे एका वेळी एक बाइट (० ते २५५ मधला एक आकडा) लिहिणारं फंक्शन वापरायचं, अख्खं अक्षर एकदम हाताळणाऱ्या वाइड कॅरेक्टरच्या फंक्शनांना हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. बाइट कुठून कुठे जातात ते मला स्वतःच्या हाताने बघायचं होतं.

पहिला रविवार. पुटचारला एकेरी अवतरणात ‘म’ दिला. जीसीसीने, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या कंपायलरने, इशारा दिला, पण प्रोग्राम बनला, आणि टर्मिनलवर चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलं. आउटपुट बाइटांचे आकडे दाखवणाऱ्या ओडीतून पाहिलं तर एकच बाइट होता, १७४. यूटीएफ-८ या अक्षरं बाइटांत साठवायच्या पद्धतीत म म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट. पुटचार इंट, म्हणजे अनेक बाइटांचा पूर्णांक, घेतं, पण लिहिण्याआधी त्याचं अनसाइन्ड चार, म्हणजे एकच बाइट, करतं, त्यामुळे शेवटचा बाइट तेवढा उरला. मग कंपायलर चूक का म्हणत नाही? याचं मूळ सीच्या आधीच्या बी भाषेत आहे. तिथे एका अवतरणात चार अक्षरांपर्यंत मावत आणि पुटचार ती सगळी छापत असे. अवतरणात अनेक अक्षरं लिहिण्याची मुभा सीमध्ये राहिली, पुटचार मात्र एका बाइटपुरतं झालं. हे कळल्यावर त्या इशाऱ्याकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

म्हणून बाइट स्वतःच पाडले. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या अक्षरयादीत म चा क्रमांक २३५०. त्याला ६४ ने भागलं की भागाकार ३६ आणि बाकी ४६. दोन्हींत १२८ मिळवले की १६४ आणि १७४ मिळतात, पुढे २२४ लावायचा. तीन पुटचार, आणि म उमटला! कागदावर केलेला भागाकार पडद्यावर अक्षर होऊन येतो तेव्हा फार बरं वाटतं.

दोन अक्षरांमध्ये थांबा घातला तर काहीच दिसेना. शेवटी अख्खी ओळ एकदम आली. टर्मिनलला जोडलेला स्टँडर्ड आउटपुट नवी ओळ येईपर्यंत बाइट बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवतो. दर तीन बाइटांनंतर एफफ्लश, म्हणजे साठा लगेच बाहेर सोडणारं फंक्शन, घातल्यावर ते सुटलं.

खरी मजा ‘किल्ला’ने आणली. आधी क आला. मग वेलांटी आली आणि क उजवीकडे सरकला, कारण ऱ्हस्व वेलांटी साठवताना क नंतर असते आणि दिसते मात्र आधी. मग ल, मग पाय मोडलेला ल्, मग एकदम ल्ल. डोळ्यांना ते खुपत होतं. हाताने लिहिताना कोणी असं लिहीत नाही. दोन रविवार यातच गेले, आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

उपाय असा निघाला. फ्लश लगेच करायचा नाही, पुढचा क्रमांक बघून ठरवायचं. तो मात्रांपैकी असेल (२३६६ ते २३८०), हलन्त (२३८१), नुक्ता (२३६४) किंवा चंद्रबिंदू, अनुस्वार, विसर्ग (२३०५ ते २३०७) असेल, तर थांबायचं. आधीचा क्रमांक हलन्त असेल तरीही थांबायचं. नाहीतर जमलेलं सोडून द्यायचं. किल्ला म्हणजे सहा क्रमांक, अठरा बाइट, पण आता तो ‘कि’ आणि ‘ल्ला’ अशा दोनच ठोक्यांत येतो. माझा टर्मिनल जोडाक्षरं जुळवून दाखवतो, सगळे तसं करत नाहीत. तुमच्याकडे ल् सुटा दिसला तर कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

‘दुसऱ्या’ने आणखी एक चूक पकडून दिली. नुक्त्याच्या ऱ ने टाइप केलेला शब्द नीट आला. जुन्या फाइलीत तोच शब्द र, हलन्त आणि अदृश्य जोडक असा होता, आणि तिथे बिघडला. त्या जोडकाचा क्रमांक ८२०५, म्हणजे पहिला बाइट २२४ नव्हे, २२६. मी २२४ हा आकडा सरळ कोडमध्ये ठोकून दिला होता. आता क्रमांकाला ४०९६ ने भागून येणारा भागाकार २२४ मध्ये मिळवतो, ६४ ने भागतो ते उरलेल्या बाकीला, आणि थांबायच्या यादीत ८२०५ टाकला आहे. जोडकानंतरच्या अक्षरासाठीही थांबावं लागतं, नाहीतर ‘या’ वेगळा पडतो.

आउटपुट फाइलमध्ये वळवला तर फ्लश हवा कशाला, म्हणून तिथे शेवटचा सोडून तो बंद ठेवला. प्रोग्राम सिस्टिमकडे काय मागतो ते दाखवणारा एसट्रेस लावून १०,००० म लिहून पाहिले: ३०,००० बाइट आठ राइटमध्ये, म्हणजे लिहिण्याच्या आठ विनंत्यांत, गेले, पहिले सात प्रत्येकी ४०९६ चे. ४०९६ ला तीनने भाग जात नाही, त्यामुळे १३६६ व्या म चा पहिला बाइट एका राइटमध्ये गेला आणि उरलेले दोन पुढच्यात. फाइलीत ते सलग बसतात, बिघडत काही नाही.

लिनक्समधल्या डेव्ह-फुल या कायम भरलेल्या फाइलीकडे आउटपुट वळवून पुटचार काय परत देतं ते तपासलं. एक म लिहिला तर तिन्ही वेळा यशच सांगितलं, कारण बाइट बफरपर्यंतच पोचले होते. ईओएफ, म्हणजे फसल्याची खूण, मिळाला तो एफफ्लशकडून. त्यामुळे शेवटच्या एफफ्लशचं उत्तर आता तपासतो आणि तो फसला तर प्रोग्राम १ देऊन संपतो.

पुढच्या रविवारी थांब्याची लांबी बघायची आहे. ‘ल्ला’ला ‘कि’पेक्षा थोडा जास्त वेळ हवा, असं वाटतंय.